एच-इंडेक्स बेचाळीस असला म्हणून माणूस बरोबर असतो का?

विचारणाऱ्या मुलीचं क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. झालंय आणि पीएच.डी.साठी दोन गाईडांपैकी एक निवडायचा आहे. एकांच्या गूगल स्कॉलरच्या (संशोधनाचे पेपर आणि त्यांचे संदर्भ मोजणाऱ्या साइटच्या) पानावर तीनशेच्या वर पेपर, एच-इंडेक्स, म्हणजे कामाचा किती संदर्भ दिला गेला त्यावरून काढलेला आकडा, 42. दुसऱ्यांचे जेमतेम तीस पेपर, एच-इंडेक्स 14. घरचे, मैत्रिणी, कॉलेजातले सर, सगळे पहिल्यांचंच नाव घेतायत. पण तिचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आलाय: इतक्या लोकांनी ज्यांचा संदर्भ दिला, ते चुकीचे कसे असतील?

असू शकतात. सपशेल असू शकतात. सायटेशनचा, म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांचा, आकडा सांगतो तो एवढंच, की या माणसाचं नाव इतक्या ठिकाणी लिहिलं गेलं. कौतुकाने लिहिलं, भांडायला लिहिलं, की पद्धत आहे म्हणून लिहिलं, हे त्यात कुठेच नसतं. हे मी नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. आपल्याच क्षेत्रातल्या एका फार मोठ्या नावावरून सांगते.

त्याआधी आकड्याचं गणित उरकून घेऊ. एच-इंडेक्स ही कल्पना होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडली. 42 याचा अर्थ, या व्यक्तीचे निदान 42 पेपर असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाला निदान 42 सायटेशन्स मिळाली. उरलेल्या अडीचशे पेपरांना कुणी हुंगलंही नसेल, तरी आकडा तोच. एखाद्या पेपरला दहा हजार मिळाली असतील, तरी आकडा तोच. पाच जणांच्या पेपरात चौथं नाव असलं तरी पेपर पूर्ण मोजला जातो. शिवाय हा आकडा कधी उतरत नाही. माणूस निवृत्त होऊन गावी आमराई सांभाळत बसला तरी वाढतच राहतो. म्हणजे साठीच्या माणसाची तुलना चाळिशीतल्याशी करायला तो मुळातच निकामी.

तो आकडा कुठून घेतला तेही बघा. गूगल स्कॉलर थीसिस, परिषदांची स्मरणिका, विद्यापीठाच्या साइटवरची पीडीएफ, सगळं वेचतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस मुख्यतः ठरावीक जर्नलंच मोजतात. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा एकीकडे 42 आणि दुसरीकडे त्याच्या निम्म्यावर दिसला तर दचकू नका. आपल्याकडे आणखी एक खास घोळ असतो तो आडनावांचा. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. जोशी’ नावाने लिहिणारे महाराष्ट्रात किती असतील विचार करा. स्कॉलर आपणहून त्यांना एका पानावर आणून बसवतं आणि पान ज्याचं, तो ते पेपर काढून टाकायला सहसा विसरतो. मानसशास्त्रज्ञाच्या यादीत उसाच्या पाचटाचा पेपर दिसला तर समजून जा.

आता ते मोठं नाव. हान्स आयसेंक. एम.ए.ला असताना बहिर्मुख-अंतर्मुख, न्यूरॉटिसिझम, ईपीक्यू ही व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली वगैरे वाचलं असेल, तोच हा माणूस. जन्म बर्लिनचा, 1916 चा. नाझींच्या काळात, 1934 मध्ये जर्मनी सोडली, लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात सिरिल बर्टच्या हाताखाली शिकला. (जुळ्या भावंडांच्या बुद्धिमत्तेची आकडेवारी रचल्याचा आरोप ज्याच्यावर मरणानंतर झाला, तोच बर्ट. योगायोग म्हणा.) पुढे मॉडस्ली रुग्णालयाला जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीत त्याने मानसशास्त्राचा विभाग उभा केला. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीचं पद्धतशीर शिक्षण रुजलं त्यात या विभागाचा वाटा फार मोठा. स्वतः रुग्ण घेऊन बसणारा माणूस मात्र तो नव्हता. त्याने लिहिलं: ऐंशीच्या आसपास पुस्तकं आणि हजाराहून कितीतरी जास्त लेख. ‘बिहेवियर रिसर्च अँड थेरपी’ हे जर्नल 1963 मध्ये काढलं, ‘पर्सनॅलिटी अँड इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस’ 1980 मध्ये. दोन्ही आजही चालू आहेत. 1997 मध्ये तो वारला तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांमध्ये जर्नलांत सर्वात जास्त संदर्भ त्याचे दिले जात होते. 2002 मध्ये विसाव्या शतकातल्या शंभर नामवंत मानसशास्त्रज्ञांची यादी छापून आली. त्यात जर्नलांतल्या सायटेशन्सच्या क्रमवारीत फ्रॉइड पहिला, पियाजे दुसरा आणि आयसेंक तिसरा होता. बाकीचे निकष मिसळल्यावर तो तेराव्या जागी गेला, आणि स्किनर पहिला आला.

त्याचा सर्वात गाजलेला पेपर 1952 चा. ‘जर्नल ऑफ कन्सल्टिंग सायकॉलॉजी’मध्ये आलेला, अवघा सहा पानांचा, मानसोपचाराच्या परिणामांबद्दलचा. तुम्ही तो दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून नाही, तर मुळातून वाचा. तासाभराचं काम आहे.

त्यात काय आहे ते सांगते. न्यूरोसिसच्या (चिंता, भीती अशा त्रासांसाठी तेव्हा वापरला जाणारा शब्द) सात हजारांहून जास्त रुग्णांवरचे तोवर छापून आलेले अहवाल त्याने एकत्र केले आणि किती बरे झाले याचे टक्के काढले. मनोविश्लेषण घेतलेले 44 टक्के, मिश्र पद्धतीचे उपचार घेतलेले 64 टक्के, आणि ज्यांना फक्त रुग्णालयात ठेवलं किंवा फॅमिली डॉक्टरने बघितलं ते 72 टक्के. म्हणजे जेवढा मानसोपचार जास्त, तेवढे बरे होणारे कमी! साधारण दोन-तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत आपसूकच बरे होतात, मग मानसोपचाराने वेगळं काय साधलं, असा त्याचा सवाल. त्या काळातल्या मनोविश्लेषकांच्या अंगाचा किती तिळपापड झाला असेल कल्पना करा.

आता तक्त्याच्या आत शिरू. मनोविश्लेषणाच्या गटात ज्यांनी उपचार अर्धवट सोडले त्यांना त्याने ‘बरे झाले नाहीत’ यात घातलं. त्यांना वगळलं तर 44 चे 66 टक्के होतात. हे तो लपवत नाही, त्याच पेपरात लिहितो. तुलनेसाठी घेतलेला 72 टक्क्यांचा एक आकडा आला तो डेंकरच्या अभ्यासातून. तो विमा कंपनीच्या फायलींतल्या पाचशे लोकांचा. मानसिक त्रासामुळे काम करता येत नाही म्हणून या लोकांना विम्याचे पैसे चालू होते. ते कामावर परतले, आता त्रास नाही म्हणाले, घरी-दारी बरे वागू लागले की ‘बरे’. दुसरा आकडा सरकारी मनोरुग्णालयांतून सुधारले म्हणून घरी पाठवलेल्यांचा. बरे झाले म्हणजे काय, याचं माप इथे एक, तिथे दुसरं. आणि डेंकरच्या या ‘उपचार न मिळालेल्या’ लोकांना त्यांच्या डॉक्टरांनी झोपेची, शांततेची औषधं दिली होती, टॉनिकं दिली होती, धीर दिला होता, समजावलं होतं. पेपरात तसं स्पष्ट लिहिलंय. धीर देणं आणि समजावणं म्हणजे काहीच न देणं नव्हे, हे ओपीडीत एक आठवडा बसलेल्या कुणालाही कळेल.

पुढची पंचवीस वर्षं जगभरचे लोक या सहा पानांशी भांडत राहिले. अ‍ॅलन बर्गिन यांनी 1971 मध्ये तेच आकडे वेगळे निकष लावून पुन्हा मोजले, तर मनोविश्लेषणाचे 44 टक्के 83 वर गेले आणि आपसूक बरं होण्याचं प्रमाण 30 च्या आसपास उतरलं. एकच माहिती, मोजणारा बदलला! 1977 मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 375 तुलनात्मक अभ्यासांचं मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे सगळ्यांचे निकाल एकत्र करून काढलेला हिशेब, छापलं: उपचार घेतलेला सरासरी रुग्ण हा उपचार न घेतलेल्यांपैकी 75 टक्क्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो. आयसेंकने त्याची ‘महामूर्खपणा’ अशा अर्थाच्या शब्दांत जाहीर खिल्ली उडवली. आज तुमच्या अभ्यासक्रमात मेटा-अ‍ॅनालिसिस आहे, आयसेंकचं उत्तर नाही.

आता सायटेशनच्या नजरेने बघा. 1952 चा पेपर ज्यांनी खोडून काढला त्या प्रत्येकाने त्याचा संदर्भ दिला, द्यावाच लागला. तुम्ही मानसोपचाराच्या परिणामकारकतेवर थीसिस लिहाल तेव्हा पहिल्या प्रकरणात तुम्हीही द्याल. आकडा एकाने वाढेल. तरीही मी त्या पेपरला वाया गेलेला म्हणणार नाही. उपचार देतो म्हणता तर तुलनेचा गट दाखवा, हा धाक आपल्या व्यवसायाला त्यानेच घातला. उत्तर चुकलं पण प्रश्न खणखणीत होता. अशा पेपराचा प्रभाव खराच असतो, फक्त तो ‘बरोबर असण्याचा’ प्रभाव नसतो.

इथपर्यंत आयसेंक वादग्रस्त पण संशोधकच. पुढचं प्रकरण वेगळं आहे.

ऐंशीच्या दशकात त्याने हायडेलबर्गच्या रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्याबरोबर कॅन्सर, हृदयविकार आणि व्यक्तिमत्त्व यांवर पेपरांची रांग लावली. दावा असा, की कॅन्सर व्हायला सिगारेटपेक्षा व्यक्तिमत्त्वाची घडण जास्त कारणीभूत आहे. एका निष्कर्षानुसार ‘कॅन्सरप्रवण’ व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला कॅन्सरने मरण्याचा धोका निरोगी व्यक्तिमत्त्वाच्या माणसापेक्षा 121 पट होता. दुसऱ्या एका अभ्यासात 600 ‘आजारप्रवण’ लोकांना आपले निर्णय आपण कसे घ्यावेत असं सांगणारं पत्रक वाचायला दिलं. तेरा वर्षांनी त्यांच्यातले 32 टक्के मेले होते आणि पत्रक न मिळालेल्या 500 जणांतले 82 टक्के.

थांबा, परत वाचा. पत्रकाने! वैद्यकशास्त्रात एवढा परिणाम असलेली गोष्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असेल. तुम्ही कधी रुग्णांना घरी करायला दिलेला सराव पुढच्या सेशनला किती जण करून आणतात हे पाहिलं असेल, तर तुम्हाला हे वाचून हसू येईल. असा आकडा दिसला की चांगल्या संशोधकाचा हात आधी स्वतःच्या डेटा-शीटकडे जातो. इथे तो जर्नलकडे गेला. याच आयसेंकला तंबाखू उद्योगाकडून पैसे मिळत होते हे नव्वदच्या दशकात बाहेर आलं.

लोकांना संशय आला नव्हता असं नाही. 1992 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी पेलोसी आणि लुईस अ‍ॅपलबी यांनी या पेपरांवर थेट बोट ठेवून चौकशीची मागणी केली. काही घडलं नाही. 2019 मध्ये पेलोसींनी पुन्हा लिहिलं, ‘जर्नल ऑफ हेल्थ सायकॉलॉजी’चे संपादक डेव्हिड मार्क्स पाठीशी उभे राहिले, आणि मग किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली. (इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्री आता किंग्जचा भाग आहे.) ग्रोसार्थ-माटिचेकबरोबरचे 26 पेपर भरवशाचे नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यानंतर जर्नलांनी चौदा पेपर मागे घेतले आणि साठहून जास्त पेपरांवर ‘शंका आहे’ अशी नोंद चिकटवली. पहिल्या तक्रारीपासून सत्तावीस वर्षं. तोवर माणूस जाऊन बावीस वर्षं झाली होती.

आणि त्याचा एच-इंडेक्स? तो आपला जागेवर. मागे घेतलेल्या पेपरांची सायटेशन्स स्कॉलर वजा करत नाही. उलट त्या पेपरांवर टीका करणाऱ्या प्रत्येक लेखाने त्यात भरच घातली.

बाईंनी मुद्दाम टोकाचं उदाहरण घेतलं, आमचे गाईड काही आयसेंक नाहीत, असं म्हणाल. खरंय. तुमच्या दोन्ही गाईडांबद्दल माझ्या मनात तसलं काही नाही. बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न खरं-खोटं असा नसतोच, आकडा कशामुळे फुगला एवढाच असतो. आपल्या क्षेत्रात तो सर्वात जास्त फुगतो मोजमापाच्या साधनांमुळे.

अ‍ॅरन बेक यांचं घ्या. नैराश्याची 21 मुद्द्यांची बेक इन्व्हेंटरी 1961 मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकिअ‍ॅट्री’त आली. तो पेपर मानसशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत लेखनात मोडतो. याच बेक यांनी सहकाऱ्यांबरोबर 1977 मध्ये 41 रुग्णांवर कॉग्निटिव्ह थेरपी आणि इमिप्रामिन या गोळीची तुलना केली. बोलून केलेला उपचार नैराश्यात गोळीच्या तोडीस तोड उतरू शकतो, किंबहुना सरस ठरू शकतो, हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवणारा तो अभ्यास. माझ्या मते आपल्या धंद्याला वळण लावलं ते त्या 41 रुग्णांनी. पण त्याची सायटेशन्स इन्व्हेंटरीच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी. कारण साधं आहे. इन्व्हेंटरी वापरली की पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ लिहावीच लागते: ‘नैराश्य मोजण्यासाठी अमुक चाचणी वापरली (बेक व इतर, 1961)’. लिहिणाऱ्याने मूळ पेपर उघडला असेलच असं नाही. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांच्या 2001 च्या पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीचंही तसंच. नऊ प्रश्न, 0 ते 27 गुण, दहा किंवा जास्त झाले की सावध. आणि वापरायला फुकट. बेकची सुधारित चाचणी विकत घ्यावी लागते, ही मोफत मिळते, मग प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोबाइल अ‍ॅपपर्यंत जो तो हीच वापरणार. सायटेशनच्या आलेखात उपयुक्ततेइतकीच परवान्याची फीसुद्धा बोलत असते, ती तुम्हाला दिसत नाही एवढंच.

हे साधनवाले पेपर वाईट असं मी म्हणत नाही. चांगली चाचणी बनवणं हे भाषांतर-उलटभाषांतर, पायलट, फॅक्टर अ‍ॅनालिसिस असं कंबर मोडणारं काम आहे, आणि मराठीत नीट प्रमाणित केलेल्या चाचण्या आपल्याला हव्याच आहेत. म्हणणं एवढंच की पाच हजार सायटेशन्स चाचणीची असतील तर त्या गाईडकडून मापन शिकायला मिळेल. उपचार तपासणारे अभ्यास कसे उभे करायचे हे मिळेलच असं नाही. आढावा घेणारे लेख हा असाच दुसरा फुगवटा. शंभर जणांचं काम एका लेखात गोळा केलं की पुढचे सगळे त्या शंभरांऐवजी या एकाचाच संदर्भ देतात.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे, गोव्याचं. ‘संगत’ ही संस्था तिथे 1996 पासून काम करते. संस्थापकांपैकी विक्रम पटेल हे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे काटेकोर बघता आपल्या शाखेचे नव्हेत, पण त्यांच्या चमूचं काम क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा ‘मानस’ हा अभ्यास आला. 24 दवाखाने, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी डॉक्टर, अडीच हजारांवर रुग्ण. काही ठिकाणी नेहमीचे उपचार, काही ठिकाणी त्यांच्या जोडीला प्रशिक्षण दिलेले स्थानिक काउन्सेलर, जे ना डॉक्टर ना सायकॉलॉजिस्ट. सरकारी केंद्रांमध्ये काउन्सेलर असलेल्या गटातले सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के बरे झाले, नसलेल्या गटातले 42-43 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. काउन्सेलरमुळे फरक पडला नाही.

आता माझ्याकडे तपासायला येणाऱ्या थीसिसमध्ये या पेपराचा संदर्भ कसा येतो? ‘प्रशिक्षित सामान्य काउन्सेलरांमुळे नैराश्य कमी होते (पटेल व इतर, 2010).’ पूर्णविराम. निकालाचा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त विचार करायला लावणारा अर्धा भाग, गळून पडलेला असतो. खासगी डॉक्टर आधीच रुग्णाला वेळ देत होते का, तिथे येणारा रुग्णच वेगळा होता का, हे प्रश्न कुणाला पडतच नाहीत, कारण पेपर कुणी उघडलेलाच नसतो. सायटेशन मिळालं, वाचक मिळाला नाही.

त्याच चमूचं पुढचं पाऊल 2017 चं, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच: गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांतले मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण, आणि काउन्सेलरांनी दिलेला थोडक्या सेशनांचा वर्तनावर भर देणारा उपचार. तीन महिन्यांनी पीएचक्यू-9 वर दहाच्या खाली आलेले उपचारगटात 64 टक्के, दुसऱ्या गटात 39 टक्के. या कामाचा प्रभाव सायटेशन्समध्येही भरपूर दिसतो, पण तो खरा बघायचा तर असले उपचार पुढे कुणी, कुठे, कोणत्या भाषेत दिले हे बघावं लागतं. ते स्कॉलरच्या पानावर नसतं.

आपल्याकडच्या हवेबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्याच हवेत तुम्ही पाच वर्षं काढणार. युजीसीने 2010 मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि पेपर हे चलन झालं. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नलं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती 2022 च्या नियमांत निघाली, पण सवयी नियमांबरोबर जात नाहीत. विभागप्रमुखांचं नाव प्रत्येक पेपरवर लागतं अशी ठिकाणं मी पाहिली आहेत. तिथे तीनशे पेपर होणं हे संशोधनाचं नाही, खुर्चीचं लक्षण. आणि दरवर्षी वर्तमानपत्रात येणारी ती बातमी: ‘जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आमच्या महाविद्यालयाचे प्राध्यापक’. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती काढतात. काम गंभीर आहे. त्यात स्वतःच्याच पेपरांचे संदर्भ वगळून केलेली क्रमवारी असते, मागे घेतलेल्या पेपरांची नोंदही अलीकडे असते, आणि पूर्ण कारकीर्द व एकच वर्ष अशा दोन वेगळ्या याद्या असतात. बातमीत यातलं एकही अक्षर नसतं. फोटोत शाल असते, श्रीफळ असतं, पण यादी एका वर्षाची की कारकिर्दीची, ते विचारलं तर अडचण होते.

तर मग बघायचं कसं? मी स्वतः कुणाच्या कामाचा अंदाज घेते तेव्हा पानावरची एकूण बेरीज वाचतच नाही. सर्वाधिक सायटेशन्सचे पहिले पाच-सहा पेपर उघडते आणि प्रत्येकापुढे लिहिते: चाचणी, आढावा, उपचाराचा अभ्यास, सर्वेक्षण की वाद. मग नाव कितवं आहे ते. आपल्या शाखेत बहुधा पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं, मधल्या गर्दीतून फारसं कळत नाही. मग त्यातला एक पेपर निवडून ‘सायटेड बाय’वर टिचकी मारते आणि पहिली वीस-पंचवीस नावं नजरेखालून घालते. तेच ते सहलेखक आलटून-पालटून एकमेकांचे संदर्भ देतायत, की ओळखदेख नसलेल्या दुसऱ्या देशातल्या कुणीतरी ते काम वापरलंय? त्यातले दोन-तीन पेपर उघडून आपल्या माणसाचं नाव ज्या वाक्यात आलंय ते वाक्य शोधते. ‘(अमुक, 2012, तमुक, 2014, आणखी पाच)’ अशा कंसातल्या गर्दीत असेल तर सोडून द्या. कुणी अख्खा परिच्छेद त्या निष्कर्षावर घालवला असेल, तेच डिझाइन दुसरीकडे करून पाहिलं असेल, तर ते एक सायटेशन पन्नासांच्या बरोबरीचं.

उपचाराचा अभ्यास असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियावर जाऊन बघते. ती 2007 पासून आहे, सगळ्यांना खुली आहे. रुग्ण घ्यायला सुरुवात करण्याआधी नोंदणी केली होती का, आणि तेव्हा मुख्य निकष म्हणून जे लिहिलं होतं तेच पेपरात मुख्य म्हणून आलंय का? नोंदणीत ‘नैराश्याचे गुण’ आणि पेपरात ‘जीवनाची गुणवत्ता’ असं दिसलं, तर मधल्या काळात काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. पेपर मागे घेतला गेलाय का हे रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसवर नाव टाकून मिनिटात कळतं. एक पेपर मागे घेतलेला असणं हा गुन्हा नव्हे. स्वतःची चूक सापडल्यावर आपणहून मागे घेणाऱ्याबद्दल उलट माझा आदर वाढतो. पेपर मागे का घेतला, ते कारण वाचा.

तुमच्या दोन गाईडांबद्दल तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून सांगते. पहिल्यांच्या वरच्या पाच पेपरांत, तुमच्याच लिहिण्याप्रमाणे, तीन मोठ्या बहुदेशीय सर्वेक्षणांचे आहेत, ज्यांत लेखकच पन्नासच्या वर आहेत, आणि दोन आढावे. बेचाळिसातला बराच भाग तिथून आलाय. माणूस मोठ्या प्रकल्पांत वावरलेला आहे, ओळखी आहेत, तुम्हाला परदेशी पोस्टडॉक करायची असेल तर त्यांच्या पत्राला वजन राहील. ते कमी समजू नका. दुसऱ्यांच्या तीस पेपरांपैकी निम्म्यांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं त्यांचं आहे, आणि विषय एकच: ग्रामीण भागातल्या बाळंतिणींचं नैराश्य. तुमचाही विषय मातांचं मानसिक आरोग्य आहे. तुमच्या जागी मी असते तर दुसऱ्यांना भेटायला आधी गेले असते.

भेटायला जाल तेव्हा त्यांच्या सायटेशन्सबद्दल अवाक्षर काढू नका. त्यांचा सर्वात कमी उद्धृत झालेला पेपर वाचून जा आणि त्यात रुग्ण कसे मिळवले, किती जणी मधेच गळाल्या आणि का, हे विचारा. जो माणूस ते काम स्वतः जगलाय तो यावर अर्धा तास बोलेल, आशाताईंची नावं सांगेल, कुठल्या महिन्यात शेतीच्या कामामुळे कुणी आलंच नाही ते सांगेल. आणि बाहेर पडल्यावर त्यांच्याकडे सध्या करत असलेल्या आणि मधेच सोडून गेलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना फोन करा. मसुदा किती दिवसांत परत मिळतो आणि पेपरवर नावांचा क्रम कधी ठरतो, आधी की छापायला पाठवताना, एवढं विचारलं तरी पुरे. पहिल्यांच्या विद्यार्थ्यांनाही हेच विचारा. उत्तरं आली की मला कळवा.